सूचना : रविवारी येताना आपल्या बोळाचं नाव घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : पुण्यातल्या पेठा-बोळांची नावं आणि तिथलं आपलं लहानपण.

सदाशिव पेठ १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नाना पेठ नाना फडणीसांच्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण अप्पा बळवंत चौकातून दर जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणणाऱ्या मला, हे अप्पा म्हणजे मेहेंदळे सरदार, हे फार उशिरा कळलं. हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या घोड्यांची पागा. पासोड्या विठोबाच्या देवळापाशी पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं, विकल्या जात. आणि कसब्यातली तांबट आळी! तांब्याच्या हंड्यांवरचे ते ठोके ऐकत आम्ही शाळेत जायचो.

आपल्या बोळाचं जुनं नाव, ते कोणाकडून ऐकलं आणि एक आठवण, एवढं कागदावर लिहून आणा. पाटी बदलली असेल तर जुनं नाव आवर्जून लिहा. जुन्या फोटोंच्या फक्त प्रती आणा, मूळ फोटो घरीच ठेवा. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांनी शुक्रवारपर्यंत फोन करावा, आम्ही घरी येऊन लिहून घेऊ. घरात नव्वदीचे आजी-आजोबा असतील तर त्यांना आजच विचारा.