भर पावसात राणी दिसायला हवी

रेडिंग, इंग्लंड
जुलैचा पहिला आठवडा

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. 15 ऑगस्टसाठी शाळेच्या मुलींचे घेरदार परकर तुझ्याकडे शिवायला आलेत. झेंडावंदनाला दरवर्षी पाऊस असतोच. मग परकर पायांना चिकटतात, वारा सुटला की उडतात, आणि मुली नाच सोडून परकर सावरत बसतात. "तिकडच्या राणीचे कपडे पावसात असे नीट कसे राहायचे गं?" हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर फोनवर मावणार नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी तुझ्या कामाचं सांगते. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात लागले तेव्हा पहिल्यांदा एक फीत बघितली. बारीक विणीची कापडी नळी आणि तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे शिशाचे मणी एकापुढे एक ओवलेले. तळहातावर घेतली की गार लागते आणि दिसते त्यापेक्षा जड असते. इथे ती पडद्यांच्या खालच्या दुमडीत घालतात, म्हणजे पडदा सरळ पडतो. याच कामाला शिशाच्या चपट्या चकत्याही मिळतात. एलिझाबेथ राणीच्या झग्यांच्या आणि कोटांच्या घेरात खालच्या दुमडीला अशीच वजनं शिवलेली असायची. तिचे कपडे शिवणाऱ्यांपैकी स्ट्युअर्ट पार्विन यांनी हे उघडपणे सांगितलेलं आहे. विमानाच्या शिडीवरून उतरताना, बंदरावर, पावसापाठोपाठ येणाऱ्या वाऱ्यात एवढ्या वर्षांत तिला सहसा घेर धरून चालावं लागलं नाही, त्यामागे ही दुमडीतली वजनं होती. कापडही विचार करून निवडलेलं असायचं. अंगासरशी न चिकटणारं, जरा अंगाने जड असलेलं लोकरी क्रेप आणि आत रेशमी अस्तर. लोकर थोडं पाणी पिऊन घेते तरी वरून लगेच ओली दिसत नाही, हे तुला माहीत आहेच.

पण आई, नुसते कपडे न चिकटणं एवढीच ही गोष्ट नाही. या घराण्याच्या बायकांचे पावसातले फोटो मी बरेच दिवस बघतेय आणि मला त्यात एक गोष्ट ठळक दिसते. राणीचा पावसातला पोशाख तिला कोरडं ठेवण्यासाठी नव्हता. तिला बघायला जी माणसं भिजत उभी राहायची, त्यांना ती दिसावी यासाठी होता.

छत्रीचंच बघ. आपल्याकडे छत्री म्हणजे काळी, मोठी, खाली ओढली की निम्मं तोंड झाकणारी. राणीची छत्री आरपार दिसणारी होती. पारदर्शक प्लॅस्टिकची, घुमटासारखी खोल, खांद्यापर्यंत खाली येणारी. फुल्टन कंपनीची ही छत्री दुकानात 'बर्डकेज' या नावाने मिळते. ही कंपनी 1956 साली लंडनमध्ये सुरू झाली. राणीची आईही त्यांचीच छत्री वापरायची. मी तशी एक घेतलीय, साधी, काळ्या काठाची. ती उघडून आत उभं राहिलं की पाऊस चारही बाजूंनी वाहताना दिसतो आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. आणि समोरच्याला आपला चेहरा हनुवटीपर्यंत दिसतो, खरी गंमत ती आहे. खोल असल्यामुळे वाऱ्याने सहज उलटतही नाही. फक्त बाजारात दोन माणसं शेजारून चालली की काड्या एकमेकींना लागतात, त्यामुळे गर्दीत जपून धरावी लागते.

राणीच्या छत्रीच्या कडेला रंगीत पट्टी असायची आणि मूठही त्याच रंगाची. गुलाबी कोट असेल तर गुलाबी पट्टी, पिवळा असेल तर पिवळी, जांभळा असेल तर जांभळी. पोशाखाच्या रंगाशी मेळ घालून त्या छत्र्या बनवून घेतल्या जायच्या. म्हणजे पाऊस येईल हे गृहीत धरून पोशाख आणि छत्री एकत्रच ठरायची. पाऊस आला म्हणून धावपळ करून कुणाची तरी छत्री तिच्या डोक्यावर धरली, असं होत नसे. आणि बहुतेक वेळा ती छत्री स्वतःच्या हातात धरायची. तुला माहीत आहे, आपल्याकडे साध्या तालुक्याच्या पुढाऱ्याच्या डोक्यावरही दुसरंच कुणी छत्री धरतं.

रंगांचंही तसंच. इथलं आभाळ ढगाळ, रस्ते ओले, त्यात गर्दीतली निम्मी माणसं काळ्या-निळ्या रेनकोटात. त्यात पोपटी नाहीतर गडद गुलाबी ठिपका लांबूनही नजरेत भरतो. राणीची धाकटी सून सोफी, म्हणजे एडवर्डची बायको, राणीच्या नव्वदीच्या वेळी याबद्दल टीव्हीवर बोलली होती. लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा रांगांत उभे असतात, मागच्याला निदान टोपीचा तुकडा दिसला तरी "मी राणी बघितली" असं तो म्हणू शकला पाहिजे, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. म्हणून टोपीचा काठही बेताचाच, चेहऱ्यावर सावली पडू नये इतपत.

हे सगळं सांभाळणारी बाई कोण होती ते तुला आवडेल. अँजेला केली. लिव्हरपूलच्या गोदी कामगाराची मुलगी. जर्मनीतल्या ब्रिटिश राजदूतांच्या घरी ती घरकाम सांभाळायची, तिथे राणीशी गाठ पडली आणि पुढे ती राणीची पोशाखवाली झाली. नुसते कपडे काढून ठेवण्यापासून सुरुवात करून ती राणीचे कोट आणि टोप्या स्वतः आखायला लागली. राणीचे नवे बूट आधी ती स्वतः घालून मऊ करायची, कारण दोघींचं माप एकच होतं. एखाद्या कार्यक्रमाला राणी तासन् तास उभी राहणार, मग नवा बूट चावून कसं चालेल? मला या बाईचं फार कौतुक आहे.

आता 2012 चं सांगते. राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली तेव्हा 3 जूनला थेम्स नदीवर नावांची मिरवणूक होती. शेकडो नावा, काठांवर दहा लाखांहून जास्त माणसं, आणि पाऊस असा की संध्याकाळपर्यंत तो वाढतच गेला. शेवटी हेलिकॉप्टरं यायची होती, ती ढगांमुळे रद्द झाली. राणी 86 वर्षांची आणि नवरा फिलिप नव्वदीचा. नावेवर दोघांसाठी लाल मखमलीच्या मोठ्या खुर्च्या ठेवल्या होत्या, पण दोघं जवळजवळ सगळा वेळ उभेच होते. तो कार्यक्रम मी कितीदा तरी बघितलाय. राणीचा कोट पांढरा, त्यावर बारीक चमकणारे खडे, अँजेला केलीच्याच हातचा. लाल-सोनेरी नावेवर तो पांढरा रंग पुलावरूनही ओळखू येत होता. थंडी वाढल्यावर तिने वरून शाल घेतली, तीही पांढरीच. शेवटच्या नावेवर गाणारी तरुण मुलं होती. त्यांचे केस, कपडे, सगळं निथळत होतं, तरी ती ओरडून ओरडून गात होती. समोर राणीही वाऱ्यात उभी. दुसऱ्या दिवशी फिलिपला मूत्राशयाच्या जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात न्यावं लागलं आणि पुढचे समारंभ राणीने एकटीने पार पाडले. त्या वयात खुर्ची असून बसायचं नाही याचं कौतुक करावं की काळजी करावी, मला अजून ठरवता येत नाही. तुला मी बसायलाच लावलं असतं.

स्वतःच्या वेळात मात्र ती अगदी वेगळी असायची. स्कॉटलंडमध्ये बालमोरलला सुट्टीवर गेली की हिरवट मेणकापडी कोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला रुमाल आणि हनुवटीखाली गाठ. शेतावर निघालेल्या आपल्या आत्याबाईच जणू. तो कोट बारबरचा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्सला 1894 साली ही कंपनी सुरू झाली, खलाशी आणि गोदीतल्या माणसांसाठी. सुती कापडात मेण जिरवलेलं असतं. आमच्या दुकानात असे कोट कधीकधी येतात. ते धुवायचे नसतात. थंड पाण्याच्या फडक्याने पुसायचे, आणि मेण कमी झालं की गरम करून पुन्हा चोळायचं. हाताला तेलकट वास राहतो तो दोन दिवस जात नाही. म्हणजे कोरडं कसं राहायचं हे राणीला चांगलं माहीत होतं. लोकांपुढे जाताना तो कोट ती घरी ठेवायची.

ही रीत तिच्या राज्याभिषेकापासूनची म्हणायला हरकत नाही, पण त्या दिवशी मान दुसऱ्याच राणीने मिळवला. 2 जून 1953. हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचल्याची बातमी लंडनला कळली तोच दिवस. लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पावसात झोपले होते. एलिझाबेथ सोन्याच्या बंद रथात. पाहुणे आपापल्या बग्ग्यांची छतं ओढून बसले. टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांची राणी सालोटे हिने मात्र छत ओढू दिलं नाही. उंच, धिप्पाड बाई, चिंब भिजलेली, हसत दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत गेली. आपल्यासोबत भिजणारी राणी लोकांनी डोक्यावर घेतली. त्या गर्दीतली म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं तिचं नाव काढायची.

राणीची थोरली सून डायना, चार्ल्सची पहिली बायको, हिचंही तसंच. लग्नानंतरच्या वेल्सच्या पहिल्याच दौऱ्यात, 1981 च्या ऑक्टोबरात, पावसात भिजत ती लोकांचे हात हातात घेत फिरली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. आणि 30 जुलै 1991 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पावारोत्ती या इटालियन ऑपेरा गायकाचं गाणं होतं. मागच्यांना दिसावं म्हणून छत्र्या मिटा म्हटल्यावर तिने आणि चार्ल्सनेही मिटल्या. केसांवरून पाणी गळतंय आणि ती हसतेय, असे फोटो आहेत. त्या एका संध्याकाळचे तिचे फोटो मला तिच्या सगळ्या दागिन्यांच्या फोटोंपेक्षा आवडतात.

मी स्वतः बघितलं ते 15 जून 2024 ला, आता राजा झालेल्या चार्ल्सच्या वाढदिवसाच्या संचलनाला. केट, म्हणजे थोरल्या राजपुत्राची बायको, तिला कर्करोग झाल्याचं मार्चमध्ये जाहीर झालं होतं. त्यानंतर ती पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होती, आणि तेही आदल्या संध्याकाळी कळलं. राजाचेही उपचार चालू होते, त्यामुळे तो घोड्यावर न बसता बग्गीतून आला. मी मॉलवर मागच्या रांगेत. मॉल म्हणजे राजवाड्याकडे जाणारा तो लाल रस्ता. शेजारच्या आजींनी प्लॅस्टिकचा पातळ रेनकोट घातला होता, त्याच्या टोपीतून पाणी ओघळून माझ्या बाहीवर पडत होतं. मोठ्या काचांची बग्गी आली, आत केट आणि तिन्ही मुलं. पांढरा झगा, गळ्याशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मोठा बो, कलती पांढरी टोपी. जेनी पॅकहॅमचा तो झगा आधीच्या वर्षी राज्याभिषेकाच्या सुमारास घातलेला, तोच थोडा बदलून घेतला होता. आमच्यासारख्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बायकांना असं काही कळलं की बरं वाटतं. मधूनच मोठी सर आली, छत्र्या उघडल्या, मागून "खाली घ्या, खाली घ्या" असा ओरडा झाला आणि पुढच्यांनी खरंच खाली घेतल्या. केट बारीक दिसत होती. सर्वांना दिसेल अशी ताठ बसून ती हात हलवत होती. आजी रडत होत्या, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

बाबा हे वाचून म्हणतील, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं कसलं कौतुक? बाबा, तुमचं खरं आहे. ती संपत्ती कुठून आली हे मी विसरलेले नाही, आणि इथेसुद्धा राजघराण्याचा खर्च नको म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत. मी लिहिलंय ते शिवणाऱ्या हातांबद्दल, आणि भिजत उभ्या राहिलेल्या माणसांचा मान ठेवण्याबद्दल.

आता परकरांचं. आई, दुमड दोन बोटांची ठेव आणि तिच्यात ही फीत घाल. ओळखीच्या एक काकू महिनाअखेरीला पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर सगळ्या घेरांना पुरेल एवढी पाठवते. फितीचं टोक कापलंस की लगेच शिवून टाक, नाहीतर मणी सांडतात. शिसं आहे, म्हणून फीत दोन पदरांत पक्की बंद कर, मुलींच्या हाताला लागता कामा नये. काम झाल्यावर हात साबणाने धू. पातळ सिंथेटिक घेऊ नकोस, ते भिजलं की अंगाला बसतं. जरा जाड कॉटन घे आणि आतून वेगळं अस्तर लाव, कमरेलाच जोडलेलं, खाली सुटं. रंग राखाडी किंवा फिका आकाशी नको, त्यावर प्रत्येक थेंब डाग होऊन दिसतो. पातळ पांढरंही नको. केशरी किंवा गडद हिरवा चालेल, किंवा बारीक छापाचं कापड, त्यावर ओलं कळत नाही. मैदानाच्या टोकाला बसलेल्या आयांनाही आपली पोरगी ओळखू यायला हवी.

किती मुली आहेत आणि कंबरेची मापं काय आहेत ते कळव, म्हणजे फितीचा हिशोब करते. बाबांचं गुडघ्याचं औषध चालू आहे ना? आजीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी