भिंत गावात, चित्र बार्सिलोनात

रविवारच्या पुरवणीत स्पेनमधील ताउल गावच्या सांत क्लिमेंट चर्चवरील लेख वाचला. तेथील भित्तिचित्रे बार्सिलोनाच्या संग्रहालयाने ‘पळवली’, हा त्यातला सूर मात्र पटला नाही.

पिरेनीज पर्वतातल्या या चर्चची प्रतिष्ठापना १० डिसेंबर ११२३ रोजी झाली. तशी नोंद आतल्या एका खांबावरच रंगवलेली होती. जवळपास आठशे वर्षे ही चित्रे जागची हलली नाहीत. मग १९१९ च्या सुमारास स्पेनच्या याच कातालोनिया प्रांतातल्या सांता मारिया दे मुर चर्चमधील चित्रे उतरवून विकली गेली आणि थेट अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात पोचली. तेव्हा कुठे बार्सिलोनाचे संग्रहालय मंडळ जागे झाले. त्याने ताउल ज्या बोई खोऱ्यात आहे, तिथली चित्रे विकत घेतली आणि इटालियन कारागिरांकडून उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, वाळले की रंगाचा थर कापडासह सोलायचा, गुंडाळी करून खेचरावर लादायची! वाचतानाही अंगावर काटा येतो; पण तसे केले नसते, तर तीही समुद्रापार गेली असती.

सांत क्लिमेंटच्या सहा मजली घंटामनोऱ्याबद्दल लेखात एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटले. युनेस्कोने २००० साली बोई खोऱ्यातील नऊ चर्चना जागतिक वारशात स्थान दिले, तेव्हा ताउलच्या भित्तिचित्रांतली मूळ ख्रिस्तप्रतिमा बार्सिलोनातच होती. गावातल्या गाभाऱ्यात २०१३ पासून ती प्रकाशझोताने उमटवली जाते.

– एक वाचक, नाशिक