काका, वहीबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही कुणालाही वाचता येईल असं. घरात छोटा सर्व्हर चालवणाऱ्या आणखी कुणाला त्यातून काही मिळालं तर तुम्हालाही बरंच वाटेल.

मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट येत-जात होती, त्या रात्री आमच्या सर्व्हरची एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्क, गेली. आधी इमिचमध्ये (घरचे फोटो ठेवायचं ॲप) फोटो दिसेनात, मग पेपरलेस (स्कॅन केलेले कागद ठेवायचं ॲप) उघडेना. लॉगमध्ये इनपुट-आउटपुट एररच्या ओळींवर ओळी. रीबूट केलं तर मशीन सुरू करणाऱ्या बायोसला डिस्कच सापडेना. जाहिराती अडवणारं पाय-होल त्याच मशीनवर, आणि साइटच्या नावावरून पत्ता शोधायचं काम (डीएनएस) तेच करतं, त्यामुळे घरातलं इंटरनेटही बंद. तुम्हाला फोन केला तर तुम्ही पहिल्यांदा काय सांगितलंत? "राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ टाक, पोरांचं इंटरनेट चालू होऊ दे. मग बोलू." घरातला निम्मा आरडाओरडा तिथेच थांबला.

पण माझे खरे आभार त्या रात्रीचे नाहीत, त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. तुमची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. मी डॉकर (प्रत्येक ॲप 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारी प्रणाली) शिकायला बसले तेव्हा तुम्ही कमांड शिकवण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवलीत: कंटेनर म्हणजे लग्नात भाड्याने आणलेली भांडी, कार्य झालं की परत; दागिने मात्र आपले, ते वेगळ्या कपाटात. म्हणून प्रत्येक सर्व्हिसचा एकच फोल्डर, त्यात तिची कंपोज फाइल (कंटेनर कसा उभा करायचा ते लिहिलेली), तिच्या सेटिंगची फाइल आणि तिचा डेटा, आणि हे सगळे फोल्डर एकाच ठिकाणी. कंटेनरच्या पोटात जपण्यासारखं काहीही ठेवायचं नाही. इमेजच्या (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्याच्या) नावापुढे आवृत्तीच्या आकड्याऐवजी 'लेटेस्ट' लिहायला तुमची सक्त मनाई, कारण मग आवृत्ती नकळत बदलू शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती १४ ने लिहिलेला डेटा फोल्डर आवृत्ती १६ थेट उघडत नाही, हे तुम्ही मला जुन्या लॅपटॉपवर मुद्दाम करून दाखवलं होतंत.

डेटाबेसच्या बाबतीत तुम्ही फारच कडक होता, आणि ते किती बरोबर होतं ते आता कळतंय. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर काही पानं जुनी, काही नवी, असं अर्धवट चित्र हाती येतं. तशी प्रत उघडेलच याची खात्री नाही. म्हणून रोज रात्री आधी डेटाबेसचा डंप (डेटाबेसनेच काढून दिलेली पूर्ण प्रत), मग रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने सगळ्या फोल्डरांचा बॅकअप: एक प्रत यूएसबी डिस्कवर, दुसरी पुण्याला नणंदेच्या घरी.

ही दुसरी प्रत घराबाहेर का हवी, हे सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमच्या घरातले अल्बम त्या चिखलात गेले. जे फोटो एकमेकांना चिकटूनही हाती लागले, ते एकेक सोडवून, वाळवून स्कॅन केले. सासऱ्यांचे सातबारे, फेरफार, घरपट्टीच्या पावत्याही पेपरलेसमध्ये घातल्या. त्याला मराठी ओळखायला लावल्यापासून 'फेरफार' असं शोधलं की नेमका कागद समोर येतो. सर्व्हर आमच्याकडे हौसेचा नाही, तो यासाठी आहे.

नवीन एसएसडी आणली तेव्हा तुम्ही विश्रामबागेतून भर उन्हात आलात. खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि कीबोर्डला शेवटपर्यंत हात लावला नाहीत. फक्त "वही काढ" म्हणालात. एक्स्चेंजच्या लॉगबुकसारखे चार रकाने तुम्हीच आखून दिले होतेत: तारीख, काय बदललं, का बदललं, परत कसं फिरवायचं. शेवटच्या पानावर तुमच्या अक्षरात क्रम लिहिलेला. आधी डेबियन (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम), मग डॉकर, मग रेस्टिकने फोल्डर परत आणायचे. मग फक्त डेटाबेसचा कंटेनर चालू करायचा, त्यात डंप भरायचा, आणि त्यानंतरच बाकीचे उठवायचे. रेस्टिकचा पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये (पासवर्डांच्या तिजोरीत) होता, आणि व्हॉल्टवॉर्डन त्याच मेलेल्या डिस्कवर! पण तुमच्या सांगण्यावरून तो एका कागदावर लिहून लोखंडी कपाटात, खऱ्या सातबाऱ्यांच्या पाकिटात ठेवलेला होता. तो कागद हातात आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

इमिच उठलं, पण सगळे फोटो राखाडी चौकोन दिसायला लागले. मी घाबरले. तुम्ही शांतपणे म्हणालात, यादीत दिसणाऱ्या फोटोंच्या छोट्या प्रती आपण बॅकअपमधून मुद्दाम वगळल्यात, मूळ फोटोंवरून त्या पुन्हा तयार होतात, जॉब चालू कर आणि झोप. मशीनचा पंखा रात्रभर घोंघावत होता. सकाळी आजींचा नऊवारीतला फोटो दिसला, कडेला पुराच्या पाण्याचा डाग जसाच्या तसा. सासूबाईंनी तो मोबाइलवर मोठा करून घरात सगळ्यांना दाखवला.

खूप जण सांगतात, बॅकअप घ्या. तो परत आणून बघायला लावणारे तुम्हीच भेटलात. डिस्क धडधाकट असताना त्या जुन्या लॅपटॉपवर सगळं उभं करायला लावायचात, तेव्हा मला कंटाळा यायचा आणि तुम्ही तरीही लावायचात. त्यामुळे खरी वेळ आली तेव्हा माझे हात थरथरले नाहीत. हे ऋण फार मोठं आहे, काका.

आता एक काम. तुमच्या सर्व्हरची बाहेरची प्रत कुठेच नाही, हे मला काकूंकडून कळलंय. पुण्याच्या डिस्कवर तुमच्यासाठी ५०० जीबी जागा आणि वेगळं खातं काढून ठेवलंय. नणंदेची परवानगी आहे, आणि रेस्टिक सगळं कुलूपबंद करूनच पाठवतं, त्यामुळे कुणाला काही दिसणार नाही. पासवर्ड तुमचा तुम्ही ठरवा आणि कागदावर लिहून काकूंकडे द्या. रविवारी सकाळी येते, बसवून टाकू. या वेळी शेजारच्या खुर्चीत मी बसेन.

तुमची,
गावभागातली विद्यार्थिनी