कैरोत काय खाल्लं, काय पाहिलं

बाळा,

पिरॅमिड बघा नि सरळ लक्सर गाठा, कैरोत धूळ आणि गोंगाटाशिवाय काही नाही असं तू म्हणाला होतास ना, तर गोंगाट आहेच, रात्रीसुद्धा हॉर्न थांबत नाहीत, पण बाकीचं काही पटलं नाही बघ. पिरॅमिड एका सकाळी उरकले, उंटवाल्यांनी बाबांचं डोकं खाल्लं. जवळचं नवं म्युझियम मात्र भव्य आहे, तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू सगळ्या तिथेच. ते तू व्हिडिओत बघशीलच.

आई शाकाहारी, तिथे खाणार काय ही तुझी काळजी. अरे, इथे साध्या माणसाचं रोजचं खाणंच शाकाहारी! कोशारी म्हणजे एकाच वाडग्यात भात, मॅकरोनी, अख्खा मसूर, छोले, टोमॅटोचा आंबटसर सॉस आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. भात नि मॅकरोनी एकत्र म्हटल्यावर मी नाकच मुरडलं होतं, पण वरून लसूण-व्हिनेगरचं पाणी घातलं की हात थांबत नाही (शत्ता, म्हणजे मिरचीचा सॉस, जपून, जाम तिखट असतो). सकाळी गाडीवर 'फूल' नावाचा पदार्थ मिळतो, फावा बीन्स रात्रभर मंद आचेवर शिजवून जिरं, लिंबू, तेल घालतात, सोबत कोंडा लावलेली गरम रोटी, बाबा तर रोज तेच खातायत. तामेया म्हणजे इथलं फलाफल, तेही छोल्यांचं नाही, फाव्याचंच, आतून हिरवंगार. मुलुखियाची पालेभाजी मात्र विचारून घे, बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. आणि मागवताना 'सियामी', म्हणजे उपासाचं, म्हणून सांगायचं, इथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे वर्षात दोनशेच्या वर उपास असतात, त्यांच्या त्या जेवणात मटण, दूध, अंडं काही नसतं. आपल्या एकादशीवाल्यांनी लाजावं!

मला सगळ्यात आवडली ती बाब झुवैलाची वेस, 1092 सालची, आणि तिच्या बाहेरची तंबू शिवणाऱ्यांची छपराची गल्ली. तिथे पुरुष मांडी घालून बसतात आणि रंगीत तुकडे हाताने कापडावर शिवतात, टाका इतका बारीक की मी चष्मा काढून पाहिला. पूर्वी तंबू आणि लग्नाचे मांडव इथूनच जायचे. आता छापील कापडही विकतात, तेव्हा उलटी बाजू बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस.

जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगलाही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळालाही, गेलो. तिथल्या खोलीत साठलेल्या लाखो जुन्या कागदांत थेट मंगळूरला राहिलेल्या ज्यू व्यापाऱ्याची बाराव्या शतकातली पत्रं होती, कागद आता बरेचसे केंब्रिजला आहेत. बाबा म्हणाले, तेव्हाची मुलंसुद्धा पत्राचं उत्तर द्यायची!

तू येणार असशील तर रमजानच्या तारखा आधी बघ, दिवसा बरीच खाण्याची दुकानं बंद असतात, रात्री मात्र रस्ते फुललेले. आणि ऊन झेपत नाही तुला, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काय ते ये.

आई