इग्निशन स्विचचा सुटा भाग मिळायला हवा

महोदय,

जुनी मोटार चालता चालता बंद पडते किंवा किल्ली फिरवूनही स्टार्टर फिरत नाही, तेव्हा बॅटरी बदलून झाल्यावरच बहुधा इग्निशन स्विचकडे, म्हणजे किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे, लक्ष जाते. अनेक गाड्यांत किल्लीचे कुलूप आणि त्यामागचा विजेच्या संपर्कांचा प्लॅस्टिकचा भाग वेगवेगळे असतात. झिजतो तो बहुतेकदा हा मागचा भाग, आणि एखाददोन लहान स्क्रूंनी बसवलेला असला तरी तो स्टीअरिंग कॉलमच्या आड असा दडलेला असतो की स्क्रूड्रायव्हर सरळ धरताच येत नाही. म्हणून कित्येक गॅरेजांत किल्ल्यांसह अख्खा संच बदलण्याचा सल्ला मिळतो आणि मग दरवाजाला एक किल्ली, इंजिनाला दुसरी, असा संसार सुरू होतो. दोष मात्र किरकोळ नाही : २०१४ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने सदोष स्विचमुळे सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या, कारण किल्ली जागेवरून सरकली की इंजिन बंद पडून एअरबॅगही निकामी होऊ शकत असे. उत्पादकांनी हा सुटा भाग जुन्या मॉडेलांसाठीही उपलब्ध ठेवावा आणि गॅरेजांनी नेमके काय बदलले ते बिलात स्पष्ट लिहावे.

– एक मोटारमालक, मिरज