दारव्ह्याच्या काकांना, माझ्या ५१२ बाइटांबद्दल

काका,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, झालं ना आता" म्हणून गिऱ्हाईकाकडे वळता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आता पूर्ण वाचाच.

मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते लॅपटॉपची बॅटरी दाखवायला. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकले, पेपर दिला, मार्क मिळाले, पण मशीन चालू केल्यावर लिनक्स यायच्या आधी नेमकं काय होतं ते मला स्वतः करून पाहायचं होतं. म्हणून छोटी सिस्टीम लिहीत होते, बूट सेक्टर (डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा, मशीन सगळ्यात आधी तोच चालवतं) असेंब्लीत आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सी मध्ये. त्यासाठी वेगळा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) सोर्सपासून बांधावा लागतो, कारण लॅपटॉपवरचा कंपायलर, जीसीसी, लिनक्ससाठी कोड काढतो आणि माझ्या कर्नलखाली लिनक्स नसतं. जीसीसीचा सोर्स ८० एमबीच्या वर, आमच्या गावात रात्री बारानंतर नेट जरा बरं चालतं तेव्हा उतरवला, आणि दोनदा बांधायला बसले तर एकदा मधेच लाईन गेली आणि एकदा रॅम संपून प्रोसेसच मेली. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, लॅपटॉप इथंच ठेव, इन्व्हर्टरवर लावतो.

दुसऱ्या दिवशी आले तर जीसीसी बांधायच्या कमांड लिहिलेला कागद तयार. "पुरा मेक काऊन मारतं? ऑल-जीसीसी अन् ऑल-टार्गेट-लिबजीसीसी, एवढंच लागते तुले. अन् जे-४ नोको देऊ, चार जीबीत जे-२ च बरं." म्हणजे कंपायलरचे लागतील तेवढेच भाग बांधायचे, आणि एका वेळी चार नाही, दोनच कामं चालवायची. मला वाटलं तुम्हाला हे आधीपासून माहीत असेल. नंतर काकूंनी सांगितलं की तुम्ही जीसीसी कधीच बांधलेला नव्हता, रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसले होते. तुमचं शिक्षण पॉलिटेक्निकमधलं, ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर एकेक हेक्स आकडा (सोळाच्या पद्धतीतला, ० ते ९ आणि मग ए ते एफ) दाबून प्रोग्राम टाकायचं, आणि तरी माझ्यासाठी हे सगळं नव्याने वाचलं. हे मी विसरणार नाही.

कंपायलर झाला, कर्नल बांधला, क्यूएमूमध्ये (लॅपटॉपच्या आतच खोटं मशीन चालवणारा प्रोग्राम) पहिल्याच झटक्यात उठला, मी घरात नाचले. मग पेन ड्राइव्हवर टाकून खऱ्या मशीनवर लावला तर काळा स्क्रीन, कोपऱ्यात कर्सर, बस. तीन दिवस तेच. घरचे म्हणाले क्यूएमूत चालतंय ना, मग सोड आता. तुम्ही मात्र दुकानाच्या मागून तो जुना डेस्कटॉप काढला, त्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "क्यूएमूत चालते म्हंजे तुह्यं सगळंच काही चुकलं नाही. हे मशीन काहीतरी येगळं करते. त्यालेच इचार."

विचारायचं कसं तेही तुम्हीच शिकवलं. कोडमध्ये थोड्या थोड्या अंतरावर बायोसकडून (मशीनमध्येच बसवलेला, चालू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) स्क्रीनवर एकेक अक्षर काढायचं, शेवटचं दिसलेलं अक्षर जिथलं त्याच्या पुढे गडबड. ठिबकची नळी कुठं चोकअप झाली ते पाहायला आपण एकेक तोटी उघडत जातो ना, तसं म्हणाले होते. ए दिसला, बी दिसलाच नाही. म्हणजे बूट सेक्टरच्या अगदी सुरुवातीलाच काहीतरी, जिथं माझा कोड दहा वेळा तपासून झाला होता.

मग तुम्ही जे सुचवलं ते मला सुचलंच नसतं. सुरुवातीला एक जंप टाकून खरा कोड पुढे नेला, मधल्या जागेत नुसते हेक्स ९० भरले, म्हणजे काहीच न करणारी सूचना, आणि पुढच्या कोडनं ती सुरुवातीची जागा मेमरीतून वाचून स्क्रीनवर छापायची. बायोस तो सेक्टर ७सी०० या पत्त्यावर ठेवतो, आणि तो पत्ता तिथंच का हेसुद्धा तुम्ही बिलबुकाच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं, जुन्या आयबीएम पीसीच्या हिशोबाची ३२ केबी मेमरी, त्यातून शेवटचा १ केबी वजा. तर तुम्ही स्क्रीनवरून वाचत होते आणि मी माझ्या फाइलच्या आकड्यांवर पेन्सिलनं टिक करत होते. नव्वद, नव्वद, नव्वद, नव्वद. मग तुम्ही थांबले. चष्मा कपाळावर केला, स्क्रीनजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "तीन-एफ. शून्य-शून्य. एफ-एफ. शून्य-शून्य."

माझ्या कागदावर तिथंही नव्वदच होते.

मी गोंधळले आणि तुम्ही हसायला लागले. तीन-एफ म्हणजे ६३, एफ-एफ म्हणजे २५५, ६३ सेक्टर आणि २५५ हेड, हार्ड डिस्कची ही मापं तुम्ही कितीतरी वर्षं सेटअपच्या स्क्रीनवर पाहिलेली. त्या बायोसनं माझा पेन ड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा (पेन ड्राइव्हवर फाइली ठेवायची नेहमीची पद्धत) आहे असं धरलं आणि फॅटमध्ये ही मापं जिथं असतात तिथं, २४ व्या बाइटपासून, स्वतःचे आकडे लिहून टाकले. माझा कोड तिथंच होता. क्यूएमूचा बायोस असं करत नाही म्हणून तिथं चालत होतं. पहिले ३ बाइट जंपचे, पुढचे ५९ रिकामे, ६२ बाइट बायोसला सोडून दिले आणि कोड त्यानंतर. तेवढंच केलं, पेन ड्राइव्ह लावला, बटन दाबलं, आणि त्या जुन्या मॉनिटरवर रोमन अक्षरांत "नमस्कार दारव्हा" आलं. तुम्ही बाजूच्या मोटर वाइंडिंगवाल्या भाऊंना हात धरून आणलं पाहायला. घरी जायची शेवटची एसटी त्या दिवशी चुकली, काकूंनी ठेवून घेतलं, त्यांचेही आभार.

आणि काका, तुम्ही विचारलं होतं ना, "मराठीत नाही दिसत का हे?" तुम्ही बिलबुकावर ८ बाय १६ चौकोनांत काढून दिलेला न, म आणि र मी फॉन्टमध्ये टाकले. दिसतात, पण शिरोरेषा दर अक्षरानंतर तुटते. परवा मशीनलाच विचारत बसले. व्हीजीए, म्हणजे मशीनचा स्क्रीनवर चित्र काढणारा भाग, प्रत्येक अक्षर स्क्रीनवर ९ ठिपके रुंद दाखवतं आणि नववा ठिपका रिकामा सोडतं, फक्त १९२ ते २२३ या ३२ जागांवरच्या अक्षरांना आठवा ठिपका नवव्यात परत काढतं, चौकटीच्या रेषा जोडलेल्या दिसाव्या म्हणून. मी आपली अक्षरं फॉन्टमध्ये १२८ व्या जागेपासून पुढे ठेवली होती. आता ती १९२ पासून नेतेय.

बाजाराच्या दिवशी येते, पेन ड्राइव्ह घेऊन. तो डेस्कटॉप तेवढा विकू नका.

तुमची,
बॅटरीवाली पोरगी