मुदतवाढ विद्यापीठाकडेच हवी

अमेरिकेतील एफ (विद्यार्थी) आणि जे (संशोधकांसह आदानप्रदान कार्यक्रमांतील पाहुणे) व्हिसाधारकांचे वास्तव्य एका वेळी कमाल चार वर्षांपुरते मर्यादित करण्याच्या ऑगस्ट २०२५ मधील प्रस्तावाविषयीचा लेख वाचला. त्यातील प्रस्तावाचे समर्थन पटले नाही. जे-१ व्हिसाच्या नियमांनुसार संशोधकाचा कार्यक्रम पाच वर्षांपर्यंत चालू शकतो. काम लांबले तर विद्यापीठातील अधिकारी कार्यक्रमाची मुदत नोंदवणारा नवा डीएस-२०१९ दाखला देतो आणि संशोधन अखंड चालू राहते. प्रस्तावानुसार मात्र संशोधकाला स्थलांतर खात्याकडे स्वतंत्र अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन निकालाची वाट पाहावी लागेल. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी फाईल पुढे सरकेपर्यंत थांबत नाहीत! शिवाय अनेकांची शाळकरी मुलेही सोबत असतात; ही अनिश्चितता त्यांच्याही वाट्याला येईल. मुदतवाढीचा अधिकार विद्यापीठाकडेच ठेवावा. संशयास्पद प्रकरणांची सरकारने खुशाल कसून चौकशी करावी.

– एका संशोधिकेची आई, पुणे